निळ्या दोऱ्याची मच्छरदाणी

दवाखान्यासमोरच्या अंगणात सतरा मच्छरदाण्या तपासणीसाठी पसरल्या होत्या. नऊ धड होत्या. सात फाटक्या, त्यांतल्या दोन तर कापून टोमॅटोच्या रोपांवर घातलेल्या, त्यांना अजून माती चिकटलेली होती. सतरावी बाके नावाच्या बाईची. तिला चार भोकं पडली होती, चारही निळ्या दोऱ्याने बारीक टाके घालून शिवलेली होती, आणि ती सगळ्यांत पांढरी होती.

जिल्ह्याहून आलेल्या पर्यवेक्षकाने नेमकी तीच उचलली आणि जमलेल्या बायकांना दाखवली.

"इतकी घासून धुतली की डास मारायचं औषध सगळं वाहून गेलं. मच्छरदाणी सरकार देतं, अक्कल कुठून द्यायची?"

कोणी हसलं नाही. बाकेचा थोरला मुलगा, चार वर्षांचा वोरू, मलेरियाने जाऊन नऊच दिवस झाले होते. बाके मान खाली घालून उभी होती आणि तिचा नवरा साबी पलीकडे पुरुषांच्या घोळक्यातून तिच्याकडे बघत होता.

तिची थोरली बहीण बोना बायकांच्या मागे होती. मयताला आली, ती अजून परतली नव्हती. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशाच्या उत्तरेकडच्या या कापसाच्या पट्ट्यात डासांवर काम करणारं एक केंद्र आहे, तिथे ती बावीस वर्षं नोकरीला होती. लांब दांड्याच्या ओगराळ्याने डबक्यांतून डासांच्या अळ्या काढायच्या, त्यांना वाढवायचं, आणि औषध लावून किती मेले ते मोजायचं, हे तिचं काम. पर्यवेक्षकाला तिथेच खोडून काढावं असं तिला वाटलं. पण तिने ते टाळलं. मच्छरदाणीत औषध आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, आणि आत्ता तिच्याकडे डोळ्यांशिवाय काही नव्हतं.

घरी ज्वारीच्या पेजेचं भांडं पुढे आलं तेव्हा साबीने ते हाताने बाजूला सारलं. बाजाराच्या दिवशी बाकेने माहेरी जावं, असं त्याने सांगून टाकलं. धाकटी पोरगी त्याच्या आईकडे राहणार होती.

"हिच्या हातून आणखी एक नाही घालवायचं मला."

"चौदा महिन्यांत तिने दोनदा धुतली," बोना म्हणाली. "साध्या साबणाने. सावलीत वाळवली. मी सांगितलं तशी."

"म्हणजे तूही त्यातलीच."

"धुतल्याने औषध गेलं असेल तर मी स्वतः हिला घेऊन जाईन. गेलं नसेल तर?"

साबी म्हणाला, "नसेल तर राहील. पण मला दिसलं पाहिजे. तुझ्या साहेबाचा कागद दाखवू नकोस."

"दाखवते. दोन आठवडे थांब. डास मोठे व्हायचेत."

तिने थट्टा केली असं त्याला वाटलं. तो उठून बाहेर गेला.

मच्छरदाणीचा तुकडा कापायची वेळ आली तेव्हा बाके पहिल्यांदा बोलली. "कापू नको ना, ताई. पोरगी कशात झोपेल?" बोनाने तरीही मच्छरदाणीच्या एका बाजूतून वीतभर चौकोन कापला. बाकेने जुन्या पातळ कापडाचं ठिगळ घेतलं आणि निळा दोरा सुईत ओवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोना साबीच्या कापसात गेली. बोंडअळीसाठी तो फवारत होता. पाठीवर पंप, तोंडाला फडकं. फवारून झालं की शेताच्या सखल कोपऱ्यात तो पंप विसळायचा, आणि तिथेच गुरांच्या खुरांच्या खळग्यांत पाणी साचलेलं होतं. औषधाच्या वासाने बोनाचं डोकं चढलं. अळ्या मात्र मजेत होत्या, पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून सरळ आडव्या पडलेल्या. मलेरियाचा डास असा ओळखू येतो; बाकीच्या जातींच्या अळ्या उलट्या लोंबकळतात. तिने दोन डबे भरले.

केंद्राचे प्रमुख दोसू साहेब दक्षिणेकडचे, शांत स्वभावाचे. तिने सगळं सांगितल्यावर ते म्हणाले की चाचणी कर, पण उत्तर आपल्याला माहीत आहे. शेतातले डास आता या औषधाने मरत नाहीत. तीन वर्षांचे आकडे राजधानीत पोचले आहेत.

"ते आकडे मीच मोजलेत, साहेब. गावात का नाही सांगितलं कोणी?"

"सांगितलं तर लोक मच्छरदाणी लावायचंच सोडतील. औषध चाललं नाही तरी जाळी थोडा आडोसा करते, बोना. नव्या औषधाच्या मच्छरदाण्या मागितल्यात आपण."

"म्हणजे त्या येईपर्यंत आयांनी शिव्या खायच्या."

ती अळ्यांचे डबे घेऊन आत गेली आणि दार लावताना तिने ते जरा जोरातच लावलं.

पंधराव्या दिवशी साबी केंद्रावर आला. फटफटीवरून उतरून दारातच उभा राहिला. बोनाने त्याला बोलावून टेबलाशी बसवलं. बाकेच्या मच्छरदाणीचा चौकोन फळीवर ताणलेला होता. कडेला निळ्या दोऱ्याचा एक टाका दिसत होता. तो त्याने ओळखला.

"ह्या आमच्या डास पाळायच्या पेटीतल्या माद्या," ती म्हणाली. "ह्यांच्या कित्येक पिढ्या इथेच जन्मल्या, औषध कधी बघितलं नाही. जाळीत औषध उरलं असेल तर ह्या मरतील. आणि ह्या तुझ्या शेतातल्या."

"माझ्या शेतातल्या म्हणजे?"

"तू पंप विसळतोस तिथल्या. बोंडअळीचं औषध आणि मच्छरदाणीचं औषध एकाच कुळातलं आहे. जे डास फवाऱ्यातून वाचतात, तेच पोरं काढतात, आणि ती पोरंही औषधाने मरत नाहीत."

साबीचा चेहरा काळवंडला. "'फवारा' म्हणून पंप हातात देणारं सरकारच आणि मच्छरदाणी वाटणारंही तेच. न फवारता कापूस आला असता का? मग पोरांना काय माती घालायची होती?"

"मी तुला बोलतेय का?" बोना म्हणाली. "तू तिला बोललास."

तोंडाने हवा ओढायच्या काचेच्या नळीने तिने दोन्ही पेट्यांतून पन्नास-पन्नास माद्या उचलल्या. पाच-पाच करून जाळीवरच्या प्लॅस्टिकच्या शंकूत सोडल्या, तीन मिनिटांनी काढल्या आणि साखरपाण्याच्या बोळ्यासकट कागदी पेल्यांत ठेवल्या. कोणत्या पेल्यात कुठल्या माद्या, ते पेल्यांवर तिने साबीलाच लिहायला लावलं. रात्री तो केंद्राच्या ओसरीवर झोपला.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तिने पेले त्याच्यासमोर मांडले आणि स्वतः लांब उभी राहिली. त्याने प्रत्येक पेला उजेडाकडे धरला, हलवला, बोटाने टिचकी मारून बघितली. एकदा मोजलं. मग पहिल्यापासून पुन्हा मोजलं.

पेटीतल्या पन्नास: मेलेल्या पन्नास.

शेतातल्या पन्नास: मेलेल्या सात.