बंद केलेला बोळ

नकाशा जनतेच्या मालकीचा असावा, या तत्त्वाला चिंतामणी केतकरांनी निवृत्तीनंतरचं उभं आयुष्य वाहिलं होतं. आयुष्य म्हणजे अडीच महिने. कुठल्याच कंपनीचा नसलेला, ज्याला त्याला आपली गल्ली भरता येते असा तो मोफत नकाशा त्यांनी फोनवर घेतला. गिरगावातल्या सहा वाड्या पायी हिंडून भरल्या. आणि मग आपल्या चाळीमागच्या सार्वजनिक बोळावर ‘खाजगी, बंद’ असं लिहून टाकलं. पार्सलवाल्यांच्या दुचाकींमुळे त्यांची वामकुक्षी मोडत होती.

आज अकराला वीज गेली आणि पत्नी नलूताईंचं ऑक्सिजनचं यंत्र थांबलं. जोडीला ठेवलेल्या सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात शिरला. भायखळ्याच्या एका सेवा मंडळाचा वैभव भरलेला सिलिंडर घेऊन कधीच निघाला होता. पोचत मात्र नव्हता.

फोन वाजला.

“काका, तुमच्या समोरचा रस्ता खणलाय. टेम्पो अडकला. ना पुढे, ना मागे.”

“अरे, मग मागच्या बोळाने यायचं ना! थेट दारात!”

“तो बंद आहे.”

“कोण म्हणतं?”

“नकाशा. कंपनीच्या नकाशात तुमच्या वाड्या धड नाहीत, म्हणून आम्ही हा लोकांचा वापरतो. त्यात लिहिलंय, खाजगी.”

फोन स्पीकरवर होता. नलूताईंनी मास्क उचलला.

“झोपेसाठी... बंद केलात ना... तोच?”

“मास्क लाव आधी!”

शेजारच्या शांताबाईंना नलूताईंपाशी बसवून ते जिना उतरले, खड्ड्यांवरून उड्या टाकत टेम्पोपाशी पोचले. सिलिंडर दोघांनी धरला. अर्ध्या वाटेत त्यांना राहवेना.

“वैभव, बोळ मी बंद केला रे. मी!”

“कंपनी चुकली की तिला शिव्या घालता येतात. इथे कुणाला घालू? हा नकाशा माणसांच्या इमानावर चालतो, काका.”

“जरा हळू. दम लागतो.”

“दम तिकडे काकूंना लागलाय. उचला!”

सिलिंडर जोडला. नलूताईंच्या बोटाला लावलेल्या, रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्यावर ब्याऐंशी आकडा होता. पंच्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. नव्वद!

चिंतामणी मटकन खुर्चीत बसले. डोळे पुसत त्यांनी फोन काढला आणि बोळ खुला केला. नागरिकहो, सगळ्यांच्या मालकीच्या वस्तूत जो आपल्या सोयीचं खोटं लिहितो, तो आधी स्वतःच्याच घरची वाट बुजवतो!

दुरुस्तीला चाळीस सेकंद लागले.