पत्ते पिसायची दोन यंत्रं

चाँदभाईला एखादं यंत्र दाखवावं आणि मग गंमत पाहावी. लोणावळ्याच्या बाजारात त्याचं दिवे, स्टोव्ह आणि घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं, पण दुरुस्ती हे निमित्त. कुणा बंगलेवाल्याकडून नवी चीज आली की हा माणूस आधी ती टेबलावर ठेवून नुसता बघत बसायचा. त्याची बायको हसिना म्हणायची, "माझ्याकडे लग्नातसुद्धा एवढं बघितलं नव्हतं." त्यात खोटं काही नव्हतं.

लढाई सुरू व्हायच्या आदल्या साली, दिवाळीच्या सुमाराला, त्याच्या टेबलावर एकदम दोन यंत्रं येऊन बसली. मुंबईच्या एका दुकानदाराने ती रेल्वे पार्सलने पाठवली होती. पसंत पडेल ते ठेवा, दुसरं परत करा, अशी बोली. दोन्ही यंत्रांचं काम एकच, पत्ते पिसायचं. देवाने दहा बोटं दिलेली असताना पत्ते पिसायला यंत्र कशाला, असं बाजारात ज्याने त्याने विचारलं. चाँदभाई उत्तर देत नव्हता. अडचण नेमकी दहा बोटांचीच होती, आणि ती बोटं कोंडाजीची होती.

कोंडाजी मूळचा आंदर मावळातला. पंचवीस वर्षं त्याने घाटात सांधेवाल्याची नोकरी केली. घाट उतरणाऱ्या गाडीने आपण ताब्यात आहोत अशी शिटी दिली, तरच रुळांचा सांधा बदलून तिला खालची वाट द्यायची. नाहीतर तिला बाजूच्या चढावरच जाऊ द्यायचं, म्हणजे सुटलेली गाडी तिथे थांबते. साहेब बघत असो नसो, पाऊस असो धुकं असो, शिटी नीट ऐकल्याशिवाय कोंडाजीने कधी सांध्याच्या दांड्याला हात लावला नाही. अशा माणसाबरोबर पत्ते खेळायला मिळतात याचा चाँदभाईला अभिमान होता, आणि तो तसं चारचौघांत बोलूनही दाखवायचा.

खेळ रविवारी दुपारी, दुकानामागच्या खोलीत. चौकडी म्हणजे चाँदभाई, कोंडाजी, भाताची गिरणी चालवणारा इंदुरीचा नथू आणि एका पारशाच्या बंगल्यावरचा खानसामा वाहिद. पोकर आणला तो वाहिदने. साहेबलोकांच्या पाठीमागे उभं राहून सोडा ओतता ओतता त्याने तो नजरेनेच उचलला होता. प्रत्येकाला पाच पानं. ज्याची पानं भारी तो पैज पुढे सरकवतो. ज्याच्या हातात काहीच नाही तोही तोंड गंभीर करून सरकवतो, आणि समोरचे घाबरून पानं टाकतात, म्हणजे डाव सोडतात. ही थाप म्हणजेच या खेळाचा जीव. पैशाला हसिनाची बंदी होती, म्हणून पैज चिंचोक्यांची. तरी नथू वाटीभर चिंचोके हरला की दोन दिवस गिरणीवर कुणाशी धड बोलायचा नाही.

मग कोंडाजीचे डोळे गेले. काचबिंदूने दोन वर्षांत दिवा विझवला. त्याने पत्ते सोडायची भाषा केली तेव्हा हसिना पुढे झाली. ती पोलकी शिवायची, सुई तिच्या हातातली. तिने बावन्नही पानांच्या कोपऱ्यांत टोचे मारले, राजाला इतके, गुलामाला इतके, इस्पिकला वर, बदामाला खाली. महिन्याभरात ते सगळं कोंडाजीच्या अंगठ्यात मुरलं. दुसऱ्या कुणाला मात्र ते वाचता येईना. नथूने आठवडाभर पानं चोळून पाहिली आणि शेवटी सांगितलं की मला तर सगळीच चौकट लागतात.

वर्षभर झकास चाललं. आणि या साली श्रावण सरताच कोंडाजी यायचा बंद झाला. एक रविवार गेला, दोन गेले, तीन गेले. निरोप पाठवला तर उत्तर यायचं, गुडघा धरलाय. तिघांत खेळ रंगेना. चिंचोक्यांची वाटी मध्ये ठेवून ते पावसापाण्याच्या गप्पा मारत बसायचे.

"भाऊ कशावरून तरी रुसलेत," चाँदभाई म्हणाला.

हसिनाने काजं करता करता मान वर केली. "तुमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही का? भाऊ स्वतः पत्ते वाटतात त्या डावात कधी खेळत नाहीत. पानं उचलतात, एकदा अंगठा फिरवतात आणि टाकतात. गेलं वर्षभर असंच चाललंय. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

चाँदभाई वर्षभर त्याच चटईवर बसला होता, पण त्याला ते दिसलं नव्हतं. कोंडाजीला स्वतःच्या वाटण्याला पानं पडत नाहीत, नशीब एकेकाचं, असंच तो धरून चालला होता. त्याने टोपी उचलली आणि तडक वलवणला कोंडाजीच्या घरी गेला.

कोंडाजी ओट्यावर दोरी वळत बसला होता. पावलावरून त्याने माणूस ओळखला. "या चाँदभाई. गुडगा बरा हाय, तेचं इचारू नगा."

"मग काय झालं भाऊ?"

कोंडाजीने दोरी बाजूला ठेवली. "पत्तं पिसताना, वाटताना समदी पानं ह्या बोटांखालनं जात्यात. मी वाचाया जात न्हाई, पर ती वाचली जात्यात. वाहिदकडं काय गेलं, तुमच्याकडं काय गेलं, समदं ठावं. म्हनून आपल्या वाटन्याला मी पानं टाकून द्येतो. तितवर ठीक व्हतं. पर त्या दिशी नथू थाप मारत व्हता. हातात काय बी न्हाई आन् तोंडानं पाटलाचा आव. मला आतनं हसू आलं. आन् मग लाज वाटली. दुसऱ्याच्या घरात खिडकीतनं बगितल्यासारकं झालं."

"मग तुमच्या पाळीला मी वाटतो."

"तसं नगं. पाळी फिरती म्हनून त्यो डाव. माझं दुसऱ्यानं वाटायचं असंल तर मी खेळाया न्हाई, नुसता बसाया आलो." मग तो म्हणाला, "डोळं मिटता येत्यात, चाँदभाई. बोटं कशी मिटायची?"

चाँदभाई उठला. परतताना वाटभर त्याचा ऊर भरून आला होता. चिंचोक्यांच्या खेळात कोण एवढं सांभाळतं? हातात सगळ्यांची पानं कळत असताना हा माणूस वर्षभर दर चौथा डाव मुकाट्याने सोडत आला, आणि कुणाला कळूही दिलं नाही. या माणसाला पुन्हा डावात आणायचं आणि त्याच्या हाताने पत्ते वाटवायचे, एवढंच त्याने ठरवलं.

आधी हसिनाने लोकरीचे हातमोजे देऊन पाहिले. एका पानाऐवजी तीन तीन पडू लागली. मग वाहिदने खबर आणली की साहेबाच्या एका पाहुण्याकडे पत्ते पिसायचं यंत्र आहे. चाँदभाईने मुंबईला पत्र घातलं.

आलेल्या दोनांपैकी एक बघताक्षणी मनात भरावं असं. निकेलचं, चकचकीत. दोन बाजूंना अर्धे अर्धे पत्ते ठेवायचे आणि दांडा फिरवायचा. रबरी रूळ एकेक पान आत ओढायचे आणि मधल्या पेटीत सगळी पानं एकमेकांत गुंतून पडायची. चाँदभाईने ते उघडलं, दातऱ्या पाहिल्या, कुठे तेल लागतं ते पाहिलं. ज्याने हे बनवलं त्याचा हात धरावा असं त्याला वाटलं. दुसरं म्हणजे लाकडाचा एक बोजड डबा. आत फिरतं चाक, त्याला खाचा. पत्ते वरून टाकायचे, दांडा फिरवला की ते खाचांत कसेही जाऊन बसायचे. मग बाजूची कळ दाबली की तोंडातून एकेक पान पालथं बाहेर यायचं. आवाज जात्यासारखा. वर दहा पानांमागे एक अडकायचं.

"हा डबा उद्याच परत," चाँदभाई म्हणाला. निकेलच्या यंत्राला त्याने फडक्याने पुसून पुसून आरसा केला होता.

रविवारी तो स्वतः जाऊन कोंडाजीला घेऊन आला. नथू आणि वाहिद आधीच येऊन बसले होते. चाँदभाईने अर्धे अर्धे पत्ते लावले आणि कोंडाजीचा हात दांड्यावर ठेवला. कोंडाजीने तो फिरवला. पानं सर्रकन आत गेली.

"ब्येस," कोंडाजी म्हणाला. त्याने यंत्रावरून हात फिरवून पाहिला, रूळ चाचपले. "लय नामी काम केलंय. माझा हात कुटंच लागला न्हाई."

"मग वाटा आता," चाँदभाई म्हणाला. त्याचा चेहरा फुलला होता.

कोंडाजीने पेटीतून पत्ते उचलले. पहिलं पान नथूकडे सरकवायला अंगठा कोपऱ्यावर गेला आणि तिथेच थांबला. त्याने सगळा कॅट हळूच खाली ठेवला.

"किलवरची रानी," तो म्हणाला. "माफ करा."

चाँदभाईला स्वतःच्या अकलेची कीव आली. आठ दिवस तो पिसण्यावर लट्टू होऊन बसला होता, आणि पिसून झाल्यावर पत्ते वाटायचे असतात हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. यंत्रावर भाळला आणि माणसाला विसरला. कोंडाजी काठी शोधू लागला.

"भाऊ, एक आठवडा द्या मला," चाँदभाई म्हणाला. "एकच."

निकेलचं यंत्र त्याने सोमवारीच बांधून पार्सलला टाकलं. त्याच्याकडे पुन्हा एकदाही वळून पाहिलं नाही, हे त्याच्यासारख्या माणसाला सोपं नव्हतं. मग लाकडी डबा उघडला. चाकाच्या खाचा कानशीने घासल्या, तोंडाला मेण लावलं, कळीची कमान म्हणजे स्प्रिंग बदलली. डब्याखाली एका जुन्या ग्रामोफोनची फिरती तबकडी बसवली, म्हणजे तोंड हव्या त्या भिडूकडे वळवता येईल. हसिना दर दुपारी बसून पानं अडकतात का ते बघायची. शनिवारपर्यंत बावन्नच्या बावन्न पानं न अडखळता बाहेर येऊ लागली. आवाज मात्र जात्यासारखाच राहिला.

रविवारी पहिली वाटणी कोंडाजीला दिली. त्याने पत्ते डब्यात टाकले, दांडा फिरवला, कळ दाबली, तबकडी वळवली. पान नथूपुढे पडलं. मग वाहिदपुढे, चाँदभाईपुढे, शेवटी स्वतःपुढे. पाच फेऱ्या झाल्या. कोंडाजीचं बोट कुणाच्या पानाला लागलं नाही. मग त्याने आपली पाच पानं उचलली आणि अंगठ्याने सावकाश वाचली. हसिनाने हातातलं शिवण खाली ठेवलं.

वर्षात पहिल्यांदा कोंडाजीने आपल्या वाटण्याला पानं टाकली नाहीत. त्याने वाटी उचलली आणि सगळे चिंचोके मध्ये ओतले.

नथूने कपाळ खाजवलं आणि पानं टाकली. वाहिदने टाकली. चाँदभाईच्या हातात तीन राजे होते. असली पानं त्याला महिन्या दोन महिन्यांतून एकदा यायची. पण समोर कोंडाजी होता. शिटी ऐकल्याशिवाय दांड्याला हात न लावणारा माणूस. तो सगळं ओततोय म्हणजे हातात तसंच काही असणार. चाँदभाईने जड मनाने तीन राजे पालथे ठेवले.

कोंडाजीने चिंचोके ओढून घेतले आणि आपली पानं उलटी केली. दुर्री, चव्वी, सत्ती, अठ्ठी आणि एक गुलाम. साधी जोडीसुद्धा नव्हती.

नथूने वाकून पानं पुन्हा पुन्हा पाहिली. "भाऊ, तुमी थाप मारली?"

"व्हय तर."

"तुमी?"

"आरं, वरीसभर मारावी वाटत व्हती," कोंडाजी म्हणाला. "पर तवा समद्यांची पानं मला ठावं. ठावं असताना मारली तर ती थाप न्हाई, चोरी झाली. आता मलाबी काय ठावं न्हाई. तुमच्यावानीच आंधळा झालो."

चाँदभाईने आपले तीन राजे उलटे करून दाखवले. वाहिदने ते कोंडाजीच्या हातात दिले. अंगठा फिरवून त्याला कळलं तेव्हा तो इतका हसला की त्याच्या बिनउजेडाच्या डोळ्यांना पाणी आलं. चाँदभाईचेही डोळे भरून आले. हरल्याचा एवढा आनंद त्याला आयुष्यात झाला नव्हता, आणि तसं तो पुढे कितीतरी वर्षं बाजारात सांगत राहिला.

"डबा सरकवा," कोंडाजी म्हणाला. "नथूची पाळी हाय."