चाकात बसलेला आत्मा

उतारावर नुसती झुंबड उडाली होती. जीपपासून सोडवलेला जुना ट्रेलर मध्येच उभा, चाकांना दगडाचा आधार नाही. चार धट्टेकट्टे गडी तो ढकलून घामाघूम झाले, पण ट्रेलर जागचा हलेना.

"मंतरलेल्या तारेनं बांधलाय मी त्याला!" महाराज हात उंचावून गरजले. "आत्मा आहे चाकात. आता माझ्या आज्ञेबाहेर जायचा नाही!"

लोकांनी हात जोडले. तशीच तार आपल्यालाही मिळावी म्हणून गाडीवाले रांग धरू लागले. हाच ट्रेलर परवा याच उतारावर ब्रेक न लागता सुटला होता आणि शाळेच्या कुंपणात घुसला होता. सुट्टी होती म्हणून लेकरं वाचली.

गर्दीत उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंना मात्र काही पटेना. त्या जनावरांच्या डॉक्टर, आणि ट्रेलर त्यांच्या सख्ख्या भावाचा. दादाची रोपवाटिका, त्यावरच त्याचं घर चालायचं. महाराजांनी त्याला सांगितलं होतं, की वर्षापूर्वी वारलेले वडील, अण्णा, रागावून चाकात बसलेत. तेव्हापासून दादाच्या गळी घास उतरत नव्हता.

'तार बांधायला इतका वेळ?' बाईंच्या डोक्यात घोळत होतं. महाराजांचा चेला ट्रेलरखाली बराच वेळ लोळत होता. वर आला तेव्हा त्याच्या बाह्यांना काळं ग्रीस लागलेलं होतं.

दादानं जीप जोडली. इंजिन कुरकुरलं आणि ट्रेलर फरफटत कसाबसा रोपवाटिकेच्या आवारात आला. मागोमाग सगळा गाव. बाईंनी सवयीनं, सुजलेला पाय चाचपावा तसा, चाकाच्या मधल्या भागाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. तापलेल्या तव्यासारखी धग! वर जळकट वास.

"दादा, जॅक आण."

"अगं, महाराज म्हणतात, उद्या डोंगरावरून माती भरून आणायला हरकत नाही."

"वहिनी येणार ना तुझ्याबरोबर? मग आण जॅक."

महाराज पुढे झाले. "बाई, चाक उचललंत तर आत्मा मोकळा होईल!"

"होऊ दे की. कधीचा अडकलाय बिचारा."

गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसलं. चेला हळूहळू फाटकाकडे सरकू लागला, तशी वहिनी फाटकात जाऊन उभी राहिली.

चाक अधांतरी झालं. दादानं दोन्ही हातांनी जोर लावला, तरी फिरेना. बाई खाली वाकल्या. ब्रेकच्या ड्रममागे, गंजलेल्या पत्र्यातल्या फटीजवळ ताजे, चकचकीत ओरखडे होते. अण्णा याच फटीतून ब्रेक आवळायचे, तेव्हा हत्यारं त्यांच्या हातात द्यायचं काम बाईंचंच असे. त्यांनी पेचकस घालून आतली दातेरी चकती सैल केली. कट्‌, कट्‌, कट्‌. मग बोटानं ढकललं तर चाक गरगर फिरायला लागलं.

"आता बांधा, महाराज."

महाराजांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटत फुंकर मारली. चाक फिरतच राहिलं. मंदावलं, तसं बाईंनी पुन्हा फिरवलं.

"अश्रद्ध माणसासमोर शक्ती चालत नाही!"

"मघाशी उतारावरही मी होतेच की हो!"

आता हशा पिकला. बाईंनी दादाला ड्रम उघडायला लावला. आत सगळं ग्रीसनं माखलेलं. "हे बघा. ग्रीस अडवणारं सील गेलंय, ते गळून ब्रेकच्या लायनरवर आलंय. म्हणून ब्रेक लागत नव्हता. यांच्या चेल्यानं तो नुसता करकचून आवळला, म्हणून ट्रेलर हलला नाही. असाच डोंगरावर नेला असता, तर तापून तापून ऐन उतारावर उरलीसुरली पकडही सुटली असती. भरल्या मातीनिशी."

दादानं हातातला पाना खाली ठेवला. "म्हणजे अण्णा रागावले नव्हते?"

"अण्णा गेले रे, दादा. राहिलाय तो खराब ब्रेक. तो दुरुस्त करता येतो."

वहिनीनं पदरानं डोळे टिपले. चेल्यानं मान खाली घालून सगळं कबूल केलं, आणि महाराजांना त्या दिवशी जीपही कोणी दिली नाही. पायीच गेले.

रांग लावून तारा घेतलेले गाडीवाले हातातल्या तारांकडे बघत घुटमळत होते. बाई त्यांना म्हणाल्या, "त्या तारा टाका आणि गाड्या तपासून घ्या. चाक कोणाच्या शब्दानं थांबत नाही, ब्रेकनं थांबतं. जे बिघडलंय ते उघडून बघायला भिऊ नका. आणि कोणी उघडू नका म्हणालाच, तर आधी तिथेच बघा."