आयपेरीचं हृदय धडधाकट होतं

कढई तापली होती आणि बुरूल बोर्सोक तळत होती. कणकेचे चौकोनी तुकडे तेलात पडून टम्म फुगत होते आणि तिची धाकटी जाऊ ते झाऱ्यानं काढून चादरीवर पसरत होती. अंगणाच्या टोकाला घोडा कापून झाला होता. उद्या आयपेरीच्या वर्षाचं जेवण. आयपेरी म्हणजे बुरूलची थोरली लेक. पंधरा वर्षांची. ती कशानं गेली हे सगळ्या कोचकोर गावाला पाठ होतं. हृदय बंद पडलं.

हे खोटं होतं. पोरीनं स्वतःचा जीव दिला होता.

कुणीतरी तिचा शाळेतला फोटो उचलला, त्यातला चेहरा काढला आणि दुसऱ्याच कुणाच्या उघड्या अंगावर बेमालूम चिकटवला. सांगतो तसं वाग, नाहीतर हे गावभर फिरवीन, असं तिला धमकावलं. तिनं ऐकलं नाही, तेव्हा ते चित्र वर्गातल्या सगळ्यांच्या फोनवर गेलं. ज्या अ‍ॅपवरून ते फिरलं, त्याच्या कंपनीकडे तिनं तक्रार केली. उत्तर आलं, तपासणी केली, आमच्या नियमांचा भंग झालेला नाही. तिनं पुन्हा तक्रार केली. पुन्हा तेच उत्तर. घरी ती बोलली नाही. ज्या घरात पोरीच्या हसण्यापासून बसण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला ‘लाज’ हा एकच शब्द लावतात, त्या घरात पोर बोलणार तरी कुणाशी?

ती गेली त्याच सकाळी तिचा थोरला काका एसेनकुल यानं तिचा फोन नदीत फेकला. पुरावा गेला, अब्रू राहिली. मुल्लाला हृदय सांगितलं, नाहीतर तो जनाज्याला उभा राहिला नसता. आणि बुरूल, आई असून, गप्प बसली.

गप्प बसणं तिला फार काळ जमलं नाही. नवरा तालाय बिश्केकच्या रस्त्यावर मिनीबस चालवायचा. राजधानीतली आणखी काही पोळलेली आईबापं त्याला भेटली आणि ही दोघं, आपल्या लेकीचं नाव न घेता, त्यांच्याबरोबर खासदारांच्या दारात उभी राहू लागली. मागणी साधी होती. मुलाचं असं चित्र दिसलं की कंपनीनं ते त्याच दिवशी काढावं, नाही काढलं तर कोर्टात उभं राहावं. संसदेच्या समितीच्या अध्यक्षानं तोंडावर सांगितलं, “तुमच्या जिल्ह्यातून एक घर उघडपणे बोलत नाही. कंपनी म्हणते, तिकडे असं घडतच नाही. बोलणारी घरं आणा, मग बघू.”

समितीची पुढची बैठक वर्षाच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी होती.

“बुरूल,” एसेनकुल कढईजवळ येऊन म्हणाला, “उद्या सगळा जिल्हा येणार आहे.”

“बरंच आहे की, भावजी.”

“बरं काय त्यात? घोडा कापलाय तो लोकांची तोंडं बंद करायला. उद्या जेवतील, दुआ करतील, विषय संपेल. तू मध्ये तुझं शहरातलं काही काढू नकोस. धाकटीचं लग्न करायचंय ना पुढे?”

“ती दुसरीत आहे.”

“लोक विसरत नाहीत.”

“मग थोरलीलाही विसरणार नाहीत.”

“वहिनी, तेल जळतंय,” जाऊ हळूच म्हणाली.

एसेनकुल भावाकडे वळला. “तालाय, बायकोला समजाव.”

तालाय चुलीत लाकडं सारत होता. “समजावतो. फक्त हृदय बंद पडलं का फुटलं, ते एकदा नक्की कर, दादा. मुल्लाला तू एक सांगितलंस, शाळेत दुसरं.”

जाऊ फिसकन हसली आणि लगेच तोंडावर डोक्याचा रुमाल धरून रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी अंगणात यूर्ट, म्हणजे लोकरीच्या नमद्यांचा गोल तंबू, उभारला. आमच्याकडे मेलेल्याच्या घरी बायका यूर्टच्या आत, दाराकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसतात आणि सूर धरून विलाप करतात. त्याला कोशोक म्हणतात. शब्द आधी ठरलेले नसतात, ज्या बाईला जे येईल ते ती गाते. बाहेर पुरुष काठीवर वाकून उभे राहतात. कोशोक चालू असताना मध्ये बोलायचं नाही आणि तो तोडायचा नाही, मग येणारा राजा असो की मुल्ला. ही रीत एसेनकुलनंच भावंडांना काठी हातात देऊन शिकवली होती.

पाहुण्यांनी अंगण भरलं. बुरूलनं सूर धरला. आधी नेहमीचं आलं, केस तुझे काळे, चाल तुझी हलकी. बाया हुंदके देत होत्या. मग सूर तोच राहिला आणि शब्द बदलले.

“हृदय तुझं धडधाकट, शिंगरासारखं दौडणारं,
बंद पडलं म्हणणारे खोटं बोलले गं,
तुझी आईही खोटं बोलली गं.
चेहरा तुझा चोरला, परक्या अंगाला लावला,
कंपनीला तू विनवलंस, कंपनी म्हणाली, नियमात बसतं गं.
काकानं फोन नदीत टाकला, आईनं उभ्यानं पाहिलं,
तुला आम्ही दोनदा मारलं गं.
चोर अजून मोकळा आहे, आज कुणाचा चेहरा कापतोय?
बायांनो, जेवून घरी जा, आपापल्या लेकीला विचारा गं.”

बाहेर मुल्लानं दुआसाठी उघडलेले हात मिटले. एसेनकुल ताडताड दाराशी आला.

तालायनं आपली काठी दारात आडवी धरली. त्याचे गाल ओले होते, हात मात्र स्थिर होता. “कोशोक चालू आहे, दादा.”

“ती घराचं वाटोळं करतेय.”

“घराचं वाटोळं झालं त्याला आज वर्ष झालं. बाजूला उभा राहा. रीत पाळ.”

एसेनकुल उभा राहिला. दुसरं काय करणार? जन्मभर रीत रीत म्हणून त्यानं ज्या दाव्याला सगळ्यांना बांधलं, त्यालाच तो बांधला गेला.

बुरूलचा श्वास सरला. सूर पडणार, तेवढ्यात मागून एक बाई उठली. पलीकडच्या गावची तुर्सुनाय. तिची लेक वसंतात गेली होती, तीही हृदयानंच. ती बुरूलशेजारी गुडघे टेकून बसली, भिंतीकडे तोंड केलं आणि पडलेला सूर उचलला.

“माझ्या पोरीचंही हृदय धडधाकट होतं गं.”

त्या दिवशी मुल्ला न जेवता गेला. ताटातलं मांस बांधून घरी न्यायची आमची रीत, पण कितीतरी ताटं तशीच राहिली. एसेनकुल ती एकटा गोळा करत होता आणि कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं. कुणी बुरूललाही जवळ घेतलं नाही. खोटं पचवलेल्या माणसांना खरं लगेच पचत नाही.

पहाटे तालायनं मिनीबस काढली. मागे बुरूल होती, तुर्सुनाय होती आणि काल एक शब्दही न बोललेल्या आणखी दोन बाया होत्या. त्या घरी सांगून आल्या नव्हत्या.

समितीच्या दालनात कंपनीचा माणूस आला होता. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत भाषा. त्यानं दुभाष्यामार्फत दुःख व्यक्त केलं. मग म्हणाला, आमचे नियम कडक आहेत, नव्या कायद्याची गरज नाही.

“तुम्हाला काही म्हणायचंय?” अध्यक्षानं बायांना विचारलं. “थोडक्यात.”

बुरूल उठली, खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. तुर्सुनायनं फिरवली. उरलेल्या दोघींनी फिरवली. खुर्च्यांचे पाय फरशीवर करकरले आणि सूर सुरू झाला.

दालनातले खासदार, कारकून, पाणी देणारी बाई, सगळे आपसूक उभे राहिले. कुणी तसं सांगितलं नव्हतं. कंपनीचा माणूस तेवढा बसून होता. त्यानं घड्याळ पाहिलं, दुभाष्याला कोपरानं ढोसलं. “त्या काय म्हणतायत? हे किती वेळ चालणार?”

अध्यक्ष हलक्या आवाजात म्हणाला, “तुमचे नियम आम्ही ऐकून घेतले. आमचा एक नियम आहे, हे मध्ये तोडायचं नसतं. उभे राहा.”

तो उभा राहिला.

कायदा त्या दिवशी झाला नाही. मसुदा अजून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतो आहे. आणि ज्या ज्या तारखेला तो पुढे ढकलला जातो, त्या त्या तारखेला त्या दालनात खुर्च्या भिंतीकडे फिरतात. दर वेळी थोड्या जास्त.