पट्टीवरचं रबर

कानेंगोच्या त्या तंबाखूच्या गोदामात झाडणाऱ्या बायका सतरा होत्या आणि झाडण्याचं मशीन एकच. ते चालवायचं काम एनिफाकडे. बाकीच्या सोळाजणी नाकातोंडावर कमरेला गुंडाळलेल्या चितेंजे कापडाचा पदर बांधून खराट्याने झाडायच्या, दिवसभर शिंकायच्या आणि एनिफा समोरून गेली की म्हणायच्या, “वाट द्या गं, बाईसाहेबांची गाडी आली!”

एनिफाला मशीनवर येऊन नऊ हंगाम झाले होते. पुढे मशीन आणि मागे ती, हँडल धरून चालायचं. मशीनच्या पोटाखाली मोठा गोल ब्रश, पुढे उजव्या अंगाला कोपरे काढायचा छोटा ब्रश, मागे कचऱ्याची पेटी आणि धूळ गाळायचा फिल्टर. हँडलखाली एक लोखंडी पट्टी होती. ती तळव्याने दाबून धरली की मशीन चाले. सोडली की जागच्या जागी थांबे. चालवणारा पडला, घसरला, दचकला तरी हात सुटणार आणि मशीन थांबणार, एवढ्यासाठीच ती पट्टी.

पण पट्टीची स्प्रिंग गंजून ताठ झाली होती. आठ तास ती दाबून धरायची म्हणजे संध्याकाळी जेवताना एनिफाला मक्याच्या न्सिमाचा गोळा वळता येत नसे. बोटं मिटायचीच नाहीत. मुकादम कालिलोम्बेला तिने तीनदा सांगितलं होतं.

“बाम्बो, स्प्रिंग बदला हो. हाताचं लाकूड झालंय.”

“मशीनला स्प्रिंग हवी, तुम्हाला मालिश हवं आणि मला बढती हवी,” कालिलोम्बे म्हणाला होता. “आमायी, आपण तिघं मिळून एकच अर्ज टाकू.”

ती हसली होती. हसण्यासारखंच बोलायचा तो. मग मागच्या हंगामात तिने सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा कापला, त्याचं कडं केलं आणि हँडलला अडकवून ठेवलं. गासड्यांच्या दोन थप्प्यांमधली लांब सरळ वाट आली, समोर कुणी नाही असं दिसलं, की ती कडं लोखंडी पट्टीवर ओढायची. मशीन आपोआप चालत राही आणि तिचा तळवा तेवढाच मोकळा होई. वळण आलं, माणूस दिसला, ट्रक लागायचा उतार जवळ आला, की कडं काढायची. कधी चुकली नाही. हे बरोबर नाही हे तिला ठाऊक होतं. पण मी आहे ना मागे, असं ती स्वतःला सांगायची.

जूनमध्ये, हंगाम ऐन भरात असताना, गावाकडून, न्चेउहून निरोप आला. तिचा मामा गेला. आईचा थोरला भाऊ, तिकडच्या रीतीने घराण्याचा कर्ता. न जाऊन चालणारच नव्हतं. कालिलोम्बेने चार दिवस दिले आणि विचारलं, “मशीनवर कोण?”

“तिसुंगे,” एनिफा लगेच म्हणाली.

तिसुंगे तिच्याच गल्लीत, एरिया पंचवीस नावाच्या वस्तीत राहायची. वय तिशीचं, नवरा दक्षिण आफ्रिकेत गेला तो तिकडचाच झाला, पदरात दोन मुली. रविवारी दारात बसून ती बायकांच्या वेण्या घालायची. हंगाम संपला की त्या वेण्यांवरच घर चालायचं. शिवाय तिला धूळ सोसत नव्हती; खोकून खोकून बरगड्या धरून बसायची. चार दिवस मशीनवर काढले तर छातीला आराम पडेल, मुकादमाच्या नजरेतही येईल, असा एनिफाचा विचार. चांगलाच विचार होता.

निघायच्या आदल्या दिवशी तिने तिसुंगेला सकाळपासून शिकवलं.

“आधी चारही बाजूंनी बघून घे. चाकात काही अडकलंय का, पेटी नीट बसलीय का. पेटी अर्धी भरली की रिकामी करायची. तोंडापर्यंत भरलीस तर धूळ परत तुझ्याच तोंडावर. ड्रायव्हर लोक सिगारेटची थोटकं टाकतात. पेटती असतील तर वरून न्यायचं नाही, आत सगळा तंबाखूचा भुगा आहे. आधी पायाने विझव.”

“आणि उतारावर?”

“उतारावर न्यायचंच नाही. तिथे खराटा.”

“अचेम्वाली, तू नवऱ्याला तरी एवढं जपलंस का गं?” तिसुंगेने विचारलं. वयाने मोठ्या बाईला तिकडे बहीणच म्हणतात, आणि बहिणीची चेष्टाही करतात.

“नवऱ्याला फिल्टर नव्हता,” एनिफा म्हणाली. दोघी हसल्या.

गोणपाटाची सुतळी ब्रशला कशी गुंडाळते तेही तिने दाखवलं. “हा खरा वैरी. सुतळी अडकली की मशीन कण्हायला लागतं, मग थांबतं. तेव्हा किल्ली बंद करायची, काढून कनवटीला लावायची, बॅटरीचा प्लग उपसायचा, मगच हात घालायचा.”

“आणि हे सगळं राहिलं, घाई असली तर?”

“घाई कशाला? बरं, एक ध्यानात ठेव. पट्टीवरचा हात सोडला की मशीन मेलं समज. काहीही होवो, आधी हात सोड.”

दुपारी तिसुंगेने एकटीने पूर्ण वाट झाडून दाखवली. रेघा सरळ, आधीच्या रेघेवर टीचभर चढवून. कुठे पट्टा सुटला नाही. मग तिने तळवा झटकला आणि हँडलला लोंबणाऱ्या रबराकडे बोट दाखवलं. “हे कशाला?”

“ते तुझ्यासाठी नाही,” एनिफा म्हणाली. “माझा हात म्हातारा झालाय म्हणून. तू नको वापरूस.”

संध्याकाळी कालिलोम्बेने एक कागद आणला. प्रशिक्षण दिलं, प्रशिक्षण घेतलं. दोघींनी सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी न्चेउच्या मिनीबसमध्ये, गुडघ्यावर पिठाची पिशवी घेऊन बसल्यावर एनिफाला ते रबर आठवलं. काढून टाकायला हवं होतं. उतरून फोन करावा असं मनात आलं. फोनमध्ये बोलण्यापुरतेही युनिट नव्हते. पोरगी शहाणी आहे, तिने स्वतःला समजावलं. बस सुटली.

मामाला माती देऊन झाली, तिसऱ्या दिवसाचं रडणं झालं, आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी ती परतली. गल्लीच्या तोंडाशीच तिसुंगेच्या दोन्ही मुली शेजारणीच्या ओट्यावर बसलेल्या दिसल्या. धाकटीच्या अंगावर शेजारणीच्या मुलाचा सदरा होता.

“आई कुठंय?” एनिफाने विचारलं.

थोरलीने धाकटीला जवळ ओढलं. शेजारीण बाहेर आली आणि एनिफाच्या हातातली पिशवी आधी काढून घेतली.

काय झालं ते तिला गोदामातल्या बायकांनी तुकड्यातुकड्याने सांगितलं. पहिले दोन दिवस तिसुंगेने हातानेच पट्टी धरली. तिसऱ्या दिवशी तळवा सुजला. सकाळीच वीस ट्रक लागलेले, कालिलोम्बे ओरडत होता, आणि हँडलला रबर होतंच. तिने ते ओढलं. सहाव्या थप्पीपाशी ब्रशमध्ये सुतळी गेली. मशीन कण्हलं आणि थांबलं. तिसुंगे हँडल सोडून पुढे गेली, वाकली आणि उजव्या हाताने सुतळी ओढू लागली. हात सोडलाय म्हणजे मशीन मेलंय, असं तिने धरलं. तिला तसंच शिकवलं होतं. रबर तिच्या ध्यानातच राहिलं नाही. सुतळी सुटली तशी ब्रशने एकदम उसळी घेतली, हात मनगटापर्यंत आत ओढला, आणि मशीन तिला ढकलत गासड्यांपर्यंत घेऊन गेलं. बाकीच्या बायकांना किल्ली कुठे असते तेच माहीत नव्हतं. फोर्कलिफ्टवाला धावत आला तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मोठ्या सरकारी हॉस्पिटलात तिसुंगे खाटेवर उजवा दंड उशीवर ठेवून पडली होती. मनगटाच्या वरच्या बाजूला पांढरं गाठोडं. त्यापुढे काही नाही.

एनिफा खाटेपाशी उभी राहिली.

“मामाचं नीट झालं का सगळं?” तिसुंगेने विचारलं.

“झालं.”

“माणसं बरीच आली असतील.”

“आली होती.”

“मी पट्टी रबराने बांधली होती गं,” तिसुंगे म्हणाली. “तू नको म्हणाली होतीस.”

एनिफाने तिच्या अंगावरची चादर सारखी केली. बोलायची तीच वेळ होती.

पुढच्या आठवड्यात कामगार कार्यालयातून मसुक्वा नावाच्या बाई तपासणीला आल्या. मशीन धुऊन पुसून उभं केलेलं होतं. पट्टीला नवी स्प्रिंग बसली होती. भांडाराच्या कपाटात सापडली म्हणे, वीस मिनिटांचं काम. कालिलोम्बेने सह्यांचा कागद पुढे केला. रबराचं कडं एका पाकिटात घालून दिलं. हॉस्पिटलात जाऊन बाईंनी तिसुंगेला विचारलं, “पट्टी तुम्ही बांधली?” ती हो म्हणाली. रबर कुणाचं, ते कुणी विचारलं नाही. एनिफा दिवसभर कुणी विचारेल म्हणून वाट बघत होती. कुणी विचारलं असतं तर तिने सांगितलंही असतं, असं ती पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिली.

निकाल आला. काम करणारीने सुरक्षेची पट्टी स्वतः निकामी केली, किल्ली बंद न करता हात घातला, चूक तिची. कंपनीने हॉस्पिटलातून घरी आणायला गाडी दिली, पिठाची दोन पोती दिली आणि विषय संपवला.

एनिफा पुन्हा मशीनवर गेली. पगार झाला की अर्धं पीठ, सुक्या उसिपा मासळीचा वाटा, तेलाची बाटली ती तिसुंगेच्या घरी नेऊन ठेवायची. तिसुंगे डाव्या हाताने चूल पेटवायला शिकत होती. “तू नसतीस तर पोरींना घेऊन कुठे गेले असते?” असं ती म्हणाली त्या रात्री एनिफाने आपलं ताट तसंच झाकून ठेवलं.

ऑगस्टच्या एका सकाळी एनिफा कामावर न जाता कामगार कार्यालयात गेली.

“रबर माझं होतं,” ती मसुक्वाबाईंना म्हणाली. “वर्षभर मीच बांधत होते. स्प्रिंग तीनदा मागितली, मिळाली नाही.”

“मागितल्याचा कागद आहे?”

“तोंडी सांगितलं होतं.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. “आमायी, ऐका. मी हे लिहिलं तर मुकादम म्हणेल, मला कधी सांगितलंच नाही. त्या दिवशी पट्टी बांधली तिनेच, ते काही पुसलं जाणार नाही. तिला जास्त काही मिळणार नाही. जाईल ती तुमची नोकरी. लिहू?”

एनिफाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “लिहा,” ती म्हणाली.

तीन दिवसांनी कालिलोम्बेने तिला बोलावलं. या खेपेला तो हसण्यासारखं काही बोलला नाही. “तुम्ही मला खड्ड्यात ढकलायला निघाला होतात, आमायी. मलाही पोरंबाळं आहेत.” मशीन दुसऱ्या बाईकडे गेलं. एनिफाच्या हातात खराटा आला, आणि हंगाम संपायच्या दोन आठवडे आधी कामाच्या यादीतून तिचं नाव कमी झालं.

तिसुंगेला तिने स्वतःच सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं ती रडेल, किंवा शिव्या घालेल. शिव्या खायला ती तयार होऊन आली होती.

तिसुंगेने डाव्या हाताने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, “रबर तुझं, हे काय मला माहीत नव्हतं? रोज डोळ्यासमोर लोंबायचं ते. मी कुणाला बोलले का?”

“नाही.”

“का नाही बोलले? तू मशीनवर राहिलीस तर माझ्या पोरींच्या पोटात दोन घास पडतील म्हणून. एवढंच उरलं होतं माझ्या हातात, अचेम्वाली, गप्प बसणं. तेवढं मी केलं. आणि तू गेलीस तिथे आणि आपलं मन हलकं करून आलीस.”

“मला झोप लागत नव्हती गं.”

“मग आता लागते का?”

झोप आताही लागत नव्हती.

तरी एनिफा येत राहिली. लोकांचे कपडे धुऊन, विटा वाहून जे मिळे त्यातलं थोडं आणून ठेवी. आधीच्या मानाने ते काहीच नव्हतं. तिसुंगे ते घ्यायची, पण तिला बसायला सांगायची नाही. नकोशा पाहुण्यासारखी एनिफा दाराशी उभी राहायची आणि परत फिरायची. ऑक्टोबरात भाडं थकलं म्हणून घरमालकाने तिसुंगेच्या घराचं कुलूप बदललं. तिसुंगेचा भाऊ सरोवराकाठच्या सालिमाहून आला. भांडी, चटई आणि दोन मुली घेऊन ती सगळी पहाटेच्या बसने सरोवराकडे निघून गेली. एनिफाला ते सकाळी पाण्याच्या नळावर कळलं.

पुढच्या एप्रिलमध्ये गोदामं पुन्हा उघडली. एनिफा रोज पहाटे फाटकाबाहेरच्या बायकांच्या रांगेत उभी राहिली. नव्या कारकुनाने पहिल्या आठवड्यात बारा नावं पुकारली, दुसऱ्या आठवड्यात पाच. सतराव्या नावानंतर त्याने वही मिटली आणि उरलेल्यांना हाताने जा म्हणून खुणावलं. बायका पांगल्या. एनिफाने पायातली चप्पल काढून आतला खडा झटकला, पुन्हा घातली आणि त्या बायकांच्या मागोमाग विटांच्या भट्ट्यांकडे चालू लागली. तिथेही त्या दिवशी माणसं नको होती.