तान असह्य झाल्यावर

"वाचा. मोठ्याने वाचा," सर म्हणाले.

संशोधन करणाऱ्या मुलीने फॉर्म उचलला. प्रश्न अकरावा : तान असह्य झाल्यावर तुम्ही काय करता? खाली इस्पितळाच्या धुलाईघरातल्या मावशींचं वाकडंतिकडं उत्तर : 'शेजारच्या मशीनवालीला सांगते, बाई, आता पुरे कर, सूर गेला तुझा.'

सर हसले नाहीत. "तुमचा प्रबंध ताणावर आहे. गाण्यावर नाही."

नुसता 'ण'चा 'न'! झेरॉक्सवाल्या दादाने 'शुद्धलेखन बघून देतो' म्हणत सगळीकडे एका फटक्यात बदलला, आणि हिने घाईघाईत ना छापलेले फॉर्म वाचले, ना भरलेले. धुलाईघरातल्या बायकांचे पंचेचाळीस फॉर्म, परवानगीसाठी तीन महिन्यांची पायपीट, सगळं पाण्यात. शुक्रवारी दुपारी चारच्या आत नवे फॉर्म आणि तक्ता दिला नाही, तर नोंदणी रद्द.

चडफडतच ती धुलाईघरात पोचली. वाफेने चष्मा धुरकटला, तेवढ्यावरूनही तिला रडू यायला लागलं.

"मावशी, फॉर्म पुन्हा भरायचेत."

"पुन्हा? नापास केलंस होय गं आम्हाला?"

"नापास मी झालेय! तान नाही हो, ताण. टेन्शन!"

"मग तसं लिहायचं ना, बाळा! आम्ही आपलं डोकं खाजवत बसलो, इस्पितळाला आमच्या गाण्याची एवढी काळजी कुठून लागली म्हणून."

मावशींनी ओले हात पुसले आणि आधी तिला स्टूल दिलं, मग फॉर्म घेतला. अशी माणसं देव कुठे कुठे ठेवून देतो, त्याचं त्यालाच ठाऊक.

पाळी सुटताना फॉर्म हातात आले. अकराव्या प्रश्नाला या वेळी पर्याय होते : डॉक्टरकडे जाते, मैत्रिणीशी बोलते, झोपून राहते, इतर. झाडून सगळ्यांनी 'इतर'वर खूण केली होती आणि शेजारी लिहिलं होतं : 'मागच्या फॉर्मात सांगितलंय. तेच.'

"मावशी, अहो, हे काय केलंत!"

"खरं तेच लिहिलं. चादरींचा ढीग बघून जीव नकोसा होतो बघ. मग कुणीतरी देवाचं नाव घेऊन गाणं सुरू करते, बाकीच्या उचलतात. सूर जातो तो जातो, पण ढीग संपतो."

शुक्रवारी अडीच वाजता तिने क्रमांक जुळवून, नव्या फॉर्ममागे जुना स्टेपल करून गठ्ठा सरांपुढे आदळला.

"रद्दी परत कशाला आणलीत? आणि हे 'इतर' मोजायचं कसं? तक्त्यात रकानाच नाही!"

"आखते, सर. पट्टी द्या."

"दीड तास राहिलाय."

"पट्टी द्या, सर."

दातओठ खात तिने रेघ मारली. नव्या रकान्यावर लिहिलं : तान. मग थांबली, आणि 'न'च आहे ना, हे दोनदा तपासलं.