नादमहाराजाची थरथरती शिळा

वरच्या वाडीत त्या दिवशी मेलेल्या शेळ्यांचा वास आणि उदाचा धूर एकमेकांत मिसळला होता. त्यातलं जास्त घाण काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

साल १९७३, श्रावण महिना. मी भोर-वेल्हे भागात सरकारी पशुधन पर्यवेक्षक होतो. लोक डागदर म्हणत. मार्गासनीला एसटीतून उतरून लशीची पेटी खांद्यावर घेऊन मी डोंगर चढून वर पोचलो, तर शेळ्यांकडे बघायला कुणाला सवड नव्हती. सगळी वाडी देवळापुढच्या मांडवात गोळा झाली होती.

मधोमध एका लाकडी पेटाऱ्यावर शेंदूर फासलेली चपटी शिळा होती आणि ती गुणगुणत होती. खरोखर गुणगुणत होती, भुंग्यासारखी, एका सुरात, न थांबता. शिळेमागे व्याघ्रचर्मावर नादमहाराज बसला होता. गुबगुबीत अंग, भगवी कफनी, डोळे मिटलेले. निदान लोकांना ते मिटलेले वाटत होते.

"हा ब्रह्मांडाचा नाद!" तो ओरडला. "पापी हात लागला की नाद थरथरतो. थोडं पाप, थोडी थरथर. मोठं पाप, मोठी थरथर. आणि करणी करणाऱ्याचा हात लागला, तर ब्रह्मांड गदागदा हलतं!"

असं म्हणून तो स्वतःच गदागदा हलला. पोटही हललं. बायकांनी जमिनीला डोकी टेकली.

शिळेसमोर पारूबाई उभी होती. तिशीतली विधवा. सकाळभर मांडवाबाहेर पावसात उभी केलेली, केस मोकळे सोडायला लावलेले, दंडावर फोकाचे ताजे वळ. ते तिच्या धाकट्या दिराने, जगनने उमटवले होते. दहा दिवसांत वाडीतल्या चाळीसेक शेळ्या मेल्या होत्या आणि ही करणी पारूबाईचीच, असं महाराजाने सांगितलं होतं. दोनदा तिला शिळेवर हात ठेवायला लावलं, दोनदा शिळा थरथरली. तिसऱ्यांदा थरथरली की तिला वाडीतून हाकलायचं आणि तिची पाच वर्षांची पोर इथेच ठेवून घ्यायची, असं ठरलं होतं.

"जगन, शेळ्या आंत्रविषाराने मेल्यात," मी म्हणालो. "कोवळं गवत अधाशासारखं खाल्लं की पोटात विष तयार होतं. लस आणलीय मी."

"तुमची लस ऱ्हाऊ द्या, डागदर. हितं द्योव सोता बोलतोय."

पारूबाईने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता रडेल.

"डागदर, येक इचारू?" ती म्हणाली. "म्या हात लावायच्या आदीच द्योव कापाया लागतो. मगाशी तर माजा हात वीतभर वर व्हता. हात लागलाच न्हाई, तर पाप कसं कळलं?"

मांडवात शंभर डोळे होते. त्यात माझे दोन, शिकलेले. आणि ही गोष्ट दिसली ती मार खाल्लेल्या बाईला.

मी वाडीतले वडीलधारे गेणूआबा यांच्याकडे वळलो. "आबा, महाराज आणि शिळेच्या मधे घोंगडी धरू. कोण हात लावतंय ते महाराजांना दिसणार नाही. देवाला दिसेलच."

महाराजाचे डोळे टक्क उघडले. "देवाची परीक्षा? जिभा झडतील तुमच्या!"

गेणूआबांनी खांद्यावरची घोंगडी उतरवली. "म्हाराज, द्योव घोंगडीआडूनबी बघंल की. का त्येला तुमचंच डोळं लागत्यात?"

दोघा गड्यांनी घोंगडी धरली. मी खूण केली. पारूबाईने आवाज न करता दोन्ही तळवे शिळेवर ठेवले. शिळा सरळ गुणगुणत राहिली. खूप वेळ. मग मी पारूबाईला तीन पावलं मागे घेतलं आणि मोठ्याने म्हणालो, "पारूबाई, ठेवा हात!"

कुणीच हात ठेवला नाही. शिळा मात्र गदागदा हलली. वरची हळदीची वाटी कलंडली.

महाराज उठून पळायला लागला, तेव्हा आबांनीच त्याची कफनी धरली. व्याघ्रचर्म उचललं, तर त्याची डावी मांडी होती तिथे रेडिओला असतं तसं बटण होतं आणि तिथून वायर पेटाऱ्यात गेली होती. पेटाऱ्यात बॅटरी, कर्णा आणि तारांचं जाळं.

पारूबाई खाली बसली. तिने बटण एका टोकाला नेलं. सरळ गुणगुण. जरा फिरवलं. शिळा जराशी शहारली.

"जगनभावजी, किती पापी हाय म्या? येवडी?" तिने बटण पुरतं फिरवलं. शिळा थडथडायला लागली. "का येवडी? तुमी सांगा, म्या फिरवते."

त्या आवाजाला एका म्हातारीचे हात सवयीने जोडले गेले.

पुढे भोरला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या रतनने तो पेटारा तपासला. आत दोन भाग होते. एक भाग एकसारखी गुणगुण काढायचा. दुसऱ्याचा आवाज ऐकू येत नसे. तो पहिल्याचा आवाज सेकंदाला पाच-सहा वेळा चढवायचा, उतरवायचा. दुसऱ्याने पहिल्याला किती हलवायचं, ते बटण ठरवायचं. ऑर्केस्ट्रातल्या विजेच्या वाद्यांना असं बटण असतं, असं रतन म्हणाला. नादमहाराज पूर्वी तीच वाद्यं दुरुस्त करत असे.

वेल्ह्याच्या पोलिसांपुढे तो म्हणाला, "साहेब, मी फक्त बटण फिरवलं. फोक मी उगारला नाही." तो नीच माणूस आयुष्यात एक वाक्य खरं बोलला असेल, तर ते हेच.

मी राहिलेल्या शेळ्यांना लस टोचली. शेळ्या धरताना जगन हळूच म्हणाला, "बाबा खोटा निगाला, डागदर. पन करनी तर कुनीतरी केलीच असंल."

दुसऱ्या दिवशी पारूबाई पोरीला घेऊन सारोळ्याला माहेरी निघून गेली. तिला कुणी थांब म्हणालं नाही. कुणी तिची माफीही मागितली नाही.

लबाड बाबा तुरुंगात घालता येतो, पण जगनच्या डोक्यातली करणी कुठल्या कोठडीत घालायची? ती ज्याची त्यानेच काढायची असते. म्हणून एवढंच सांगतो: जनावर मेलं तर त्याचं पोट फाडून बघा, गवत बघा, पाणी बघा, जाणत्याला विचारा. शेजारच्या बाईच्या अंगावर जाऊ नका.